पाठ बघायला माणूस हवं

नवरात्र जवळ आलं की मला खाज सुटते. अलंकारिक नाही, खरीखुरी. कानांमागे, गुडघ्यांच्या मागच्या घडीत, कमरेला जिथे परकराची नाडी बसते तिथे. बघायला गेलं तर अंगावर काहीही नसतं. सकाळी गॅलरीचं दार उघडावं, टेकडीवरून पिकत आलेल्या गवताचा वास आत यावा आणि चहाचा कप डाव्या हातात घेऊन उजवा हात आपोआप कानामागे जावा, असं दरवर्षी होतं. गोचिडांवर संशोधन करण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला याहून वेगळं काय मिळणार म्हणा! पण खरं सांगायचं तर मी या खाजेची वाट बघते. पाऊस मागे सरला, ऊन चटकायला लागलं आणि तरी खाज आली नाही, तर मला चुकल्यासारखं होतं.

हे गवताचे दिवस. श्रावणातल्या हिरवळीचं कौतुक सगळे करतात. मला टेकडी आवडते ती आत्ता, अश्विनात. गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, बुडाशी अजून हिरवं आणि वर तांबूस. वारा आला की सगळा उतार एका बाजूला कलतो आणि परत उठतो. त्यातून चालत गेलं की साडी असो नाहीतर पँट, कुसळं घेऊनच माणूस खाली येतं. सकाळी पावलांना दव लागतं आणि थोड्याच वेळात डोकं तापतं. या दोन्हींच्या मधे एक वास सुटतो, वाळत घातलेल्या धान्याचा आणि थोडासा दुधाचा. तो वास मला कुठल्याही अत्तराहून जास्त आवडतो. त्याच वासाच्या तळाशी, मातीलगत, माझी मंडळी दबा धरून बसलेली असतात हेही मला ठाऊक असतं.

माझी मंडळी म्हणजे गोचीड आणि त्यांची धाकटी भावकी. गोचीड सगळ्यांनी पाहिलेला असतो, कुत्र्याच्या कानात किंवा म्हशीच्या कासेपाशी फुगून बसलेला. पण त्याचे लांबचे नातलग, माइट नावाचे, फारसे कुणी पाहिलेले नसतात. त्यांची पिल्लं सुईच्या टोकावर मावतील एवढी, रंगाने नारिंगी. ती गवताच्या बुडाशी थांबतात, उंदीर-घुशींच्या कानात घर करतात आणि कधी माणूस गवतात बसलाच तर त्याच्या अंगावर चढतात. कपडा जिथे घट्ट बसतो तिथे जाऊन एकदाच चावतात आणि गळून पडतात. चावा दुखत नाही, खाजत नाही, कळतही नाही. त्या पिल्लात जंतू असला तर पुढे ताप येतो. आणि चावल्या जागी एक काळी खपली धरते. या तापाचं नाव स्क्रब टायफस. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी जातो, आणि नाही ओळखला तर फार वाईट वळण घेतो. सगळी मदार त्या खपलीवर. ती असते काखेत, कानामागे, कमरेवर, पाठीवर. म्हणजे जिथे स्वतःचं स्वतःला दिसत नाही नेमकं तिथे.

मी डॉक्टर आहे हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे. कसली, हे कुणाला माहीत नव्हतं. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा जिन्यात गाठून गुडघा पुढे केला. मी म्हटलं, "काका, मी माणसं तपासणारी डॉक्टर नाही. गोचिडांवर पीएच.डी. केलीये." काकांनी गुडघा मागे घेतला आणि म्हणाले, "असं होय. मग आमच्या टॉमीला दाखवतो." दुसऱ्या दिवशी खरोखरच टॉमीला घेऊन आले.

टेकडीवरचे लोकही काही कमी नाहीत. गोचीड गोळा करायची आमची पद्धत साधी आहे. पांढऱ्या फ्लॅनेलचा मोठा तुकडा काठीला बांधायचा आणि गवतावरून हळूहळू ओढत न्यायचा. जनावर आलं असं समजून गोचीड कापडाला धरतात. मग कापड उलटं करून चिमट्याने एकेक टिपायचा. पुण्यात पहाटे टेकडीवर फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या डोळ्यांदेखत हे करायचं म्हणजे कातडी जाड हवी. "काय हो, घरी दोरी नाही का वाळत घालायला?" हे पहिल्या वर्षी. "धुतलेली आहे ना?" हे दुसऱ्या. पुढे एका गृहस्थांनी बराच वेळ शेजारून चालत सगळं समजून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "एकूण काय, तुम्ही मुद्दाम शोधायला येता आणि आम्हाला फुकट मिळतात." त्यांना मोजे पँटवरून चढवायला मी शिकवलं. ते अजून तसेच येतात, पायजमा मोज्यात खोचून, आणि भेटेल त्याला खोचायला लावतात.

माइटची पिल्लं हवी तर उंदीर पकडावे लागतात, आणि उंदरांना आमिष लागतं. आम्ही शेंगदाणे वापरून पाहिले, सुका बोंबील वापरून पाहिला. पुण्याचे उंदीर रिझले ते कांदाभज्यांवर. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याला मी एकदा सांगून बसले की ही भजी उंदरांसाठी आहेत. तेव्हापासून तो मला बघितलं की गिऱ्हाइकांदेखत विचारतो, "आपल्यासाठी की पाहुण्यांसाठी?" पाहुण्यांसाठी म्हटलं तर तो जरा करपलेली देतो. पैसे तेवढेच घेतो.

पकडलेल्या उंदराला गुंगी देऊन पांढऱ्या ताटात आडवं करायचं आणि बारीक फणीने विंचरायचं. ताटात नारिंगी ठिपके पडतात. हे काम करताना मला दरवेळी आई आठवते. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात रविवारी दुपारी ती मला गॅलरीत पुढ्यात बसवायची. माझं डोकं दोन गुडघ्यांत घट्ट धरायची, मांडीवर पांढरा पंचा पसरायची आणि लाकडी फणीने उवा काढायची. फणीचे दात टाळूवरून करकरत जायचे. मी कळवळायचे, ती म्हणायची, "हलू नकोस, एवढ्यात झालं." ते एवढ्यात कधी व्हायचंच नाही. उन्हाने पाठ शेकून निघायची आणि मला तिथेच झोप लागायची. आपल्या डोक्यात काय आहे हे आपल्याला दिसत नसताना दुसरं कुणीतरी इतक्या मन लावून बघतंय, यात केवढं सुख असतं हे तेव्हा कळत नव्हतं. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरी दुसरं कुणी नाही.

फील्डवर जायला लागल्यावर हे बघण्याचं काम वंदनाने घेतलं. ती माझी सहकारी. टेकडीवरून खाली आलो की आम्ही दोघी एकमेकींची पाठ बघायचो, कानामागे, मानेवर, कमरेला. हा नियमच होता. वंदना निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे गेली. आता मी बाथरूममध्ये दोन आरसे लावलेत, एक भिंतीवर आणि एक हातात. मान मोडेपर्यंत वळून बघते. तरी दोन खांद्यांच्या मधली जागा कुठल्याच आरशात येत नाही.

वारज्याला हायवेपासून आत, गावठाणाच्या कडेला, शेवंताबाईंचा गोठा आहे. तीन बाजूंनी उंच इमारती, आणि मधे पत्र्याखाली म्हशी आणि एक खिल्लारी गाय. चौथी बाजू टेकडीची. जमिनीचा बराचसा भाग बिल्डरला गेला, मुलगा संदीप त्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो, पण शेवंताबाईंनी गोठा सोडला नाही. वरच्या मजल्यांवरचे लोक वासाची तक्रार करतात आणि सकाळी खाली येऊन त्यांच्याकडूनच दूध नेतात. मी दरवर्षी म्हशींच्या कानांतले गोचीड काढायला जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा शेवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काय करता वो ह्यांचं?"

"तपासतो. रोगाचे जंतू आहेत का ते बघतो."

"आन् न्हाय निघालं तर?"

"तर चांगलंच."

"मंग एवढं लांबनं येता कशापायी?"

याचं नीट उत्तर मला संशोधनाचा निधी देणाऱ्यांनाही कधी देता आलेलं नाही. मी हसले, त्यांनी चहा दिला. तेव्हापासून ओळख.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय ते फार लांबचं नाही. त्या वर्षी पाऊस अश्विनापर्यंत रेंगाळला होता आणि गवत नेहमीपेक्षा उंच होतं. नवरात्रात मी टेकडीवर कापड ओढत होते तर समोरच्या उतारावर पिवळ्या साड्यांचा घोळका दिसला. त्या दिवशीचा रंग पिवळा होता. हिंजवडीच्या एका कंपनीतल्या मुली सुट्टी टाकून फोटो काढायला आल्या होत्या, आणि त्यांची म्होरकी होती मनीषा, शेवंताबाईंची सून. पिकलेल्या गवतात पिवळ्या साड्या इतक्या सुंदर दिसत होत्या की मीही कापड टेकवून बघत राहिले. "मॅडम, या ना फ्रेममध्ये!" मनीषा लांबून ओरडली. "तुमची ती व्हाइट चादर पण आणा, एकदम एस्थेटिक दिसेल!" मी हात हलवला. त्या सगळ्या गवतात फतकल मारून बसल्या, पदर पसरले, खूप हसल्या. ते हसू मला अजून ऐकू येतं.

कोजागिरीनंतर मी म्हशींसाठी गोठ्यात गेले तर संदीप धार काढत होता. त्याला सवय नव्हती. म्हैस पाय झाडत होती आणि अर्धं दूध खाली सांडत होतं. चार वर्षांची ओवी, त्याची मुलगी, गव्हाणीच्या कठड्यावर बसली होती, गणवेश चुरगळलेला आणि केस तसेच. "आई दवाखान्यात मनीषाजवळ हाय मॅडम," संदीप वर न बघता म्हणाला. "मनीषाला ॲडमिट केलंय. ताप उतरंना. सगळ्या टेस्ट केल्या, डेंग्यू न्हाय, मलेरिया न्हाय, काहीच न्हाय. आता म्हणतात श्वासाला त्रास होतोय, आयसीयूत हलवावं लागंल." ओवीने मला विचारलं, "तुम्ही पण डॉक्टर आहात ना?" मी हो म्हणाले. काय सांगणार होते तिला, की मी टॉमीची डॉक्टर आहे?

मला त्या क्षणी फार भीती वाटली. पिवळी साडी डोळ्यांपुढे आली आणि हात कानामागे गेला. पण टेकडीवर बसलेल्या प्रत्येकाला हा ताप येत नाही, आणि तापाची शंभर कारणं असतात. माझा विषय आहे म्हणून मला सगळीकडे तोच दिसतो, असं वंदना नेहमी म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. तरी मी चिमटे आणि बाटल्या तिथेच ठेवल्या आणि दवाखाना गाठला.

वॉर्डाचे डॉक्टर तांबे तरुण होते, थकलेले आणि सभ्य. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. "मॅडम, माझ्याही डोक्यात आलं होतं ते. मी विचारलं, शेतात जाता का, गवत कापता का? पेशंट म्हणाली, मी एचआरमध्ये आहे. तुम्ही तिला टेकडीवर पाहिलंत म्हणता, पण तिथे तर रोज शेकडो लोक जातात. खपलीही शोधली. पण पाठीवर सगळीकडे बिब्बे आहेत हो. सासूबाईंनी घातलेत. आजकालच्या दिवसांत! मी चांगलंच सुनावलं त्यांना. स्क्रबची टेस्ट बाहेरून करून घेतो, पण रिपोर्ट यायला वेळ लागेल."

बिब्बा घालणं म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. बिब्ब्याचं बी तापवायचं, त्याचं तेल सुईच्या टोकावर घ्यायचं आणि दुखऱ्या जागी टेकवायचं. कातडी भाजते, काळा डाग पडतो, आणि आतली कळ त्या वाटेने निघून गेली असं मानतात. मनीषाची पाठ तापात ठणकत होती म्हणून शेवंताबाईंनी दवाखान्यात आणायच्या आधी तेच केलं होतं. नर्सने मनीषाला कुशीवर वळवलं तेव्हा मी ते डाग पाहिले. मणक्याच्या दोन्ही अंगांना काळे ठिपके होते आणि त्यांच्या खाली, नाडीच्या वळापाशी, आणखी एक. तो जरा मोठा होता, कडेने लालसर. पण बिब्बा उतला की कडेने लाल होतोच. भिंगातून माइटची जात ओळखणारी मी, मला त्या डागांत फरक करता येईना. मनीषाने डोळे उघडले, मला ओळखलं की नाही कळलं नाही. ओठ सुकले होते. टेकडीवरच्या पिवळ्या साडीतली ती मुलगी ही असेल यावर विश्वास बसत नव्हता.

बाहेर बाकावर शेवंताबाई डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी शेजारी बसले. एरवी म्हशीलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारी बाई पुटपुटली, "डाक्टर लई वरडले. म्हणले, तुम्हीच वाढवलं दुखणं. माझंच चुकलं आसंल, ताई."

धीर देणं मला जमत नाही, मला प्रश्न विचारता येतात. म्हणून मी विचारलं, "बिब्बा घालतात कसा? मी कधी पाहिला नाही."

त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी टोमणा मारतेय का म्हणून. मग हळूहळू सांगायला लागल्या. बी दिव्यावर कसं धरायचं, तेल सुटलं की सुई कशी बुडवायची, किती हलक्या हाताने टेकवायची. त्यांच्या आईने त्यांना शिकवलं होतं. बोलता बोलता आवाज मोकळा झाला, हात हलायला लागले. माझ्याच पाठीवर बोट टेकवून दाखवायला लागल्या. "ह्या अंगाला आन् ह्या अंगाला. मधी मणक्यावं घालायचा न्हाय. आन् नाडीच्या जागी तर कवाच न्हाय. नाडी घासती, मंग उततंय, पू हुतो."

"नाडीच्या जागी नाही घालत?"

"न्हाय वो. कोन घालंल?"

"मनीषाला तिथे आहे."

"आसंल. डाक्टर म्हणले समदे तुमीच क्येले. म्या म्हणलं, व्हय बाबा, म्याच."

मी त्यांचा हात धरला. "शेवंताबाई, नीट आठवून सांगा. तो तुमचा आहे का?"

त्या उठल्या. आत जाऊन सुनेच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवलं, एकेका डागापाशी थांबत. खालच्या डागापाशी आल्या आणि बोट मागे घेतलं. "ह्यो माझा न्हाय," त्या म्हणाल्या. डॉक्टर तांबे दारात उभे होते. मग त्यांच्याकडे वळून, पहिल्यांदाच डोक्यावरचा पदर मागे सारून म्हणाल्या, "बाकीचे माझे हायेत. ह्यो न्हाय. आन् ती गवतात जात न्हाय म्हणली आसंल, पर नवरात्रात गेलती. पिवळ्या साडीतली कुसळं काढता काढता माझी बोटं दुखली."

डॉक्टरांनी खाली वाकून खपली पाहिली. मग सरळ उभे राहिले आणि रिपोर्टची वाट न बघता नर्सला औषध सांगितलं. जुनं, साधं, कुठल्याही दुकानात मिळणारं औषध. जाताना ते शेवंताबाईंपाशी थांबले. "मावशी, मी मघाशी जरा जास्तच बोललो," एवढं म्हणाले. शेवंताबाई म्हणाल्या, "आसूं द्या. तिला बरी करा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. मी गेले तेव्हा मनीषा उशीला टेकून बसली होती. मला बघून अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, प्लीज, चहा आणता का? इथला नको. इथला हॉरिबल आहे." शेवंताबाई खो खो हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. खाली जाऊन स्टीलच्या थर्मासमधून चहा घेऊन आले. रिपोर्ट त्यानंतर आला. तोवर त्याची गरज उरली नव्हती, पण मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

वसुबारसेला मनीषा घरी होती. गोठ्यात गाय-वासराची पूजा करताना तिने एका हाताने खांब धरला होता आणि दुसऱ्या हातात निरांजन. ओवी मधेमधे लुडबुडत होती. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. इमारतींच्या मधल्या तेवढ्याशा जागेत शेणाने सारवलेली जमीन, पणत्या, म्हशींचे चमकणारे डोळे. मी त्या दिवशी गोचीड काढायला गेले नव्हते, नुसतीच गेले होते.

नंतर बरेच दिवस मी त्या बाकाचा विचार करत होते. शेवंताबाईंना सगळं माहीत होतं आणि डॉक्टरांनाही सगळं माहीत होतं. मधे आला तो फक्त एक चढलेला आवाज. रागावून विचारलं की माणूस हो म्हणून मोकळं होतं, आणि त्या हो मधे खरं काय ते बुडून जातं. मी आयुष्यभर उंदरांच्या कानात आणि म्हशींच्या कासेपाशी जे शोधत आले, ते सापडायला भिंग लागतं, फ्लॅनेल लागतं, करपलेली भजी लागतात. पण माणसांत ते शोधायचं तर शेजारी बसावं लागतं. हे कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितलं नव्हतं. आता नव्या मुलांना मी हे सांगते. ती मान डोलावतात आणि मोबाइल बघतात, तरी सांगते.

आणि आशा वाटावी असं बरंच काही दिसतं. डॉक्टर तांबे आता ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "बिब्बा घातलाय का? छान. कुणी घातला? त्यांना बोलवा, कुठे कुठे घातलाय ते दाखवू देत." त्या एका प्रश्नाने आणखी काही माणसं वेळेत ओळखली गेली, असं त्यांनी स्वतः फोन करून मला सांगितलं. मनीषा दर नवरात्रात अजूनही मैत्रिणींना टेकडीवर नेते. बसायला सतरंजी असते, आणि घरी गेल्यावर काय बघायचं याचा व्हिडिओ तिने स्वतः केलाय. त्यात मागे म्हैस रेकते, म्हणून तो बराच बघितला गेला.

शेवंताबाई बिब्बा घालतात का? घालतात. सोडा म्हणण्याची माझी टाप नाही. पण गवताच्या दिवसांत टेकडीवरून जी कुणी बाई खाली येते, भारा घेऊन आलेली असो नाहीतर पहाटेच्या फेरफटक्याहून आलेली, तिला त्या गोठ्याच्या आडोशाला नेतात आणि उलटसुलट करून बघतात. वरच्या मजल्यांवरच्या, वासाची तक्रार करणाऱ्या बाईसुद्धा सुटलेल्या नाहीत. दूध हवं असेल तर पाठ दाखवायची.

परवा मी या वर्षीचं पहिलं कापड ओढून टेकडीवरून खाली उतरले. ऊन चढलं होतं. कुसळांनी पँट भरली होती, काखेत फ्लॅनेलची गुंडाळी, बाटल्यांत थोडे गोचीड. घरी जाऊन आरशांसमोर मान मोडायची होती. गोठ्यावरून जाताना शेवंताबाईंनी हाक मारली. आता त्या वाकून चालतात, दिसायलाही थोडं कमी झालंय, म्हणून कपाळावर चष्मा असतो.

"ताई, कुठं निगालात? या हिकडं. घरी कोन बगतं तुमची पाठ?"

"दोन आरसे आहेत," मी म्हटलं.

"आरशाला काय कळतंय?" त्यांनी मला आडोशाला नेलं, चष्मा खाली ओढला. "हात वर करा."

मी हात वर केले. त्यांनी सदरा वर करून कमरेपाशी पाहिलं, काखेत पाहिलं, केस बाजूला करून मानेवर आणि कानांमागे बोट फिरवलं. बोटांना शेणाचा आणि दुधाचा वास होता. मग त्यांचा खरखरीत तळवा दोन खांद्यांच्या मधे येऊन थांबला, जिथे कुठलाच आरसा पोचत नाही. पाठीवर ऊन पडलं होतं. पलीकडे म्हैस रवंथ करत होती. माझे डोळे मिटले.

"खाजतंय का कुठं?"

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच खाजत नव्हतं.

"काय बी न्हाय अंगावं," त्या म्हणाल्या आणि सदरा खाली ओढला. मी तशीच उभी होते.

"झालं वो ताई," शेवंताबाई म्हणाल्या. "करा हात खाली."